बॉक्सिंगमध्ये पंचांच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्ता बसवावी का?

मानकापूरकर (धागाकर्ता)

२१ डिसेंबर २०२४ रोजी रियाधमध्ये ओलेक्सांदर उसिक आणि टायसन फ्युरी यांची दुसरी हेवीवेट लढत झाली, तेव्हा रिंगभोवती बसलेल्या तीन पंचांच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक गुणांकन प्रणालीही प्रायोगिक स्वरूपात लावण्यात आली होती. तिचे गुण निकालात धरले जाणार नव्हते. तिन्ही पंचांनी उसिकला ११६-११२ असा कौल दिला आणि यंत्राने ११८-११२ असा. फ्युरीने निकाल मान्य केला नाही, परंतु विजेता कोण याबाबत यंत्र आणि माणसे यांच्यात मतभेद नव्हता. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रशिक्षकांमध्ये आणि पालकांमध्येही एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो, की पंचांना रजा देऊन गुण देण्याचे काम सरळ यंत्राकडेच का सोपवू नये.

नागपूरकरांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमधील किल्त्से येथे युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा या शहरातल्या मुलींना जागतिक पदक आपल्याही आवाक्यातले आहे हे दिसले. ही मुले मे महिन्याच्या उन्हाळ्यातही सराव चुकवत नाहीत. निकाल न्याय्य लागेल, एवढी खात्री त्यांना देणे हे आपले कर्तव्य आहे, असे मला मनापासून वाटते.

तरीही पंचांना पूर्णपणे बाजूला सारण्याच्या मी विरोधात आहे आणि त्यामागे या खेळाचाच इतिहास आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये लाइट मिडलवेट गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने ८६ ठोसे लगावले आणि कोरियाच्या पार्क सी-हुनने ३२, अशी नोंद झाली होती. तरी पंचांनी पार्कला ३-२ ने विजयी ठरवले. त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा वॅल बार्कर चषक मात्र हरलेल्या जोन्सला देण्यात आला. या नामुष्कीनंतर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून संगणकीय गुणांकन आले. पाच पंचांच्या हाती बटणे दिली गेली आणि किमान तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबले तरच तो ठोसा गुणात धरला जाऊ लागला. मानवी मर्जी यातून हद्दपार होईल, अशी अपेक्षा होती.

प्रत्यक्षात काय झाले, हे त्या काळात प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही विचारावे. जवळच्या अंतरावरील चकमकीत एकामागोमाग बसलेले चार ठोसे तीन पंचांना एकाच सेकंदात टिपता येत नसत, म्हणून खेळाडूंनी संयुक्त ठोसे मारणे कमी केले. पोटावरचे ठोसे पलीकडच्या बाजूच्या पंचांना दिसत नसत, म्हणून तेही मागे पडले. दुरून एक सरळ, सर्वांना स्पष्ट दिसेल असा ठोसा मारायचा आणि मागे सरकायचे, ही शैली फोफावली. दोन दशकांनंतर, २०१३ मध्ये, ही पद्धत सोडून व्यावसायिक बॉक्सिंगसारखी प्रत्येक फेरीला दहा गुणांची पद्धत, म्हणजे फेरी जिंकणाऱ्याला दहा आणि हरणाऱ्याला सहसा नऊ गुण, स्वीकारावी लागली. यंत्राने जे मोजले, तेच खेळाडू खेळू लागले. आजची प्रणाली बटणांपेक्षा कितीतरी प्रगत आहे, हे खरे. पण ती काय मोजणार आणि काय सोडून देणार, हा प्रश्न तसाच उभा आहे.

यावर आपणा सर्वांची मते वाचायला आवडतील.

नंदनवनचा कोच

मानकापूरकर साहेब, आपण मांडलेला इतिहास बरोबर आहे, परंतु त्यातील एक पान आपण उलटले नाही. २०१३ नंतर माणसांच्या हाती पुन्हा पूर्ण अधिकार आले आणि अवघ्या तीन वर्षांत रिओ ऑलिंपिक झाले. तिथे आयर्लंडच्या मायकल कॉनलनला रशियाच्या निकितिनविरुद्ध हरवण्यात आले, त्या लढतीचे चित्रण मी माझ्या मुलांना अजूनही दाखवतो. रिओत काम केलेल्या सर्व ३६ पंच आणि रेफरींना नंतर बाजूला करण्यात आले आणि रिचर्ड मॅकलॅरन यांच्या २०२१ च्या अहवालाने लढतींचे निकाल ठरवून लावले गेल्याचे उघड केले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आधी २०१९ मध्ये बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेला निलंबित केले आणि २०२३ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली. पंचांच्या वागणुकीमुळे हा खेळच ऑलिंपिकमधून जाण्याच्या बेतात होता. ज्यांच्यामुळे घर जळायची वेळ आली, त्यांच्याच हाती पुन्हा किल्ल्या द्याव्यात, असे आपले म्हणणे आहे का?

माझ्याकडचा एक मुलगा एका निवड चाचणीत लढला. निळा कोपरा. तिसऱ्या फेरीत त्याने प्रतिस्पर्ध्याला दोरखंडाला टेकवले आणि डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) बरगडीखाली सलग ठोसे लगावले. प्रत्येक ठोशाला समोरच्याचे कोपर खाली येत होते आणि मग हनुवटी उघडी पडत होती. मी कोपऱ्यातून हे स्पष्ट पाहत होतो. दोन पंचांच्या आणि त्या ठोशांच्या मधे मात्र माझ्याच मुलाची पाठ होती. निकाल विरुद्ध गेला. फेरीनिहाय गुण जाहीर झाले नाहीत आणि मागितल्यावर दाखवलेही गेले नाहीत. हातावरची पट्टी सोडता सोडता पोरगा मला विचारत होता, “सर, मी कोन्त्या राउंडले मांगं पडलो, तेवढं तरी सांगा ना.” मला सांगता आले नाही.

चारही कोपऱ्यांत कॅमेरे असते, तर त्या ठोशांची नोंद झाली असती. यंत्राला जिल्हा ठाऊक नसतो, क्लब ठाऊक नसतो, खेळाडूचे आडनाव ठाऊक नसते. मला एवढे पुरेसे आहे.

संख्याशास्त्राची विद्यार्थिनी

मी मिहानमधील एका कंपनीत चित्रविश्लेषणाचे काम करते आणि भावाच्या निमित्ताने बॉक्सिंग पाहत आले आहे, म्हणून यंत्र नेमके काय पाहते, एवढेच सविस्तर लिहिते.

अशी प्रणाली प्रत्येक चित्रचौकटीत खेळाडूचे मनगट, कोपर, खांदा, डोके, कंबर असे बिंदू शोधते आणि त्यांच्या हालचालींवरून हा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), हा हुक, हा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) असे वर्गीकरण करते. ठोसा फेकला गेला हे ओळखणे तुलनेने सोपे आहे. तो बसला की नाही, हे ठरवणे फार अवघड आहे. ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणारी मूठ, सेकंदाला तीस चौकटी टिपणाऱ्या साध्या मोबाइलच्या दोन चौकटींमध्ये जवळजवळ एक फूट पुढे सरकलेली असते. ग्लोव्ह हनुवटीला लागला, की समोरच्याच्या ग्लोव्हवर अडला, याचा निर्णय बहुतेक वेळा त्या हरवलेल्या एका फुटात दडलेला असतो. वेगवान कॅमेरे ही उणीव भरून काढतात, पण असे अनेक कॅमेरे वेगवेगळ्या कोनांतून आणि एकमेकांशी जुळवून लावावे लागतात. क्लिंचमध्ये दोन शरीरे एकमेकांत अडकतात, मधे रेफरी येतो, तेव्हा बिंदू एकाचे दुसऱ्याला चिकटण्याचा धोका असतो.

त्याहून अवघड प्रश्न ठोशाच्या परिणामाचा आहे. यंत्राला जोर दिसत नाही, डोक्याची हालचाल दिसते. कसलेला खेळाडू ठोशाच्या दिशेनेच मान वळवून त्याचा जोर काढून घेतो. त्याचे डोके खूप हललेले दिसते आणि त्याला फारसे लागलेले नसते. उलट मजबूत मानेच्या खेळाडूला ठोसा पूर्ण बसूनही डोके जागचे हलत नाही. केवळ हालचालीवर गुण दिले, तर पहिल्याला शिक्षा होईल आणि दुसऱ्याला बक्षीस मिळेल. अनुभवी पंच हा फरक गुडघ्यांवरून, श्वासावरून, पुढच्या दोन पावलांवरून ओळखतो. यंत्रालाही हे शिकवता येईल. मात्र त्यासाठी हजारो ठोशांवर कोणी तरी माणसानेच “हा प्रभावी, हा नाही” अशी खूण करून द्यावी लागते. नंदनवनचे सर म्हणतात तसे यंत्राला आडनाव ठाऊक नसते, हे मान्य. परंतु खुणा करणाऱ्यांना पुढे येऊन मारणारा खेळाडू जास्त भावत असेल, तर तो कल यंत्रातही उतरतो आणि मग एका पंचापुरता न राहता प्रत्येक लढतीत सारखाच लागू होतो.

उसिक-फ्युरी लढतीचे आकडे मात्र मला फार महत्त्वाचे वाटतात. बारा फेऱ्या, दहा-नऊचे गुण आणि कोणीही खाली पडलेले नाही, असे धरले तर ११६-११२ म्हणजे उसिकला आठ आणि फ्युरीला चार फेऱ्या. ११८-११२ ची बेरीज २३० होते, म्हणजे नेहमीच्या २२८ पेक्षा दोन अधिक. हे तेव्हाच शक्य आहे, जेव्हा दोन फेऱ्या दहा-दहा अशा बरोबरीत सुटल्या असतील. गणित मांडल्यास यंत्रानेही उसिकला आठच फेऱ्या दिल्या, फ्युरीला दोन दिल्या आणि उरलेल्या दोन समान ठरवल्या. पंच बरोबरीची फेरी क्वचितच देतात आणि ऑलिंपिक पद्धतीत तर प्रत्येक फेरीचा विजेता निवडावाच लागतो. ज्या फेरीत खरोखर कोणीच वरचढ नव्हते, त्या फेरीचा विजेता निवडण्याची सक्ती यंत्रावर केली, तर तेही कुठल्या तरी क्षुल्लक फरकावरच कौल देईल. पण तो आकड्यात आल्यामुळे आपल्याला अचूक वाटेल.

धरमपेठेचा वाचक

जिम्नॅस्टिक्समध्ये फुजित्सू कंपनीची परीक्षण प्रणाली २०१९ च्या श्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धेपासून वापरात आहे आणि २०२३ मध्ये अँटवर्पला ती सर्व दहा साधनांवर लागू झाली. विम्बल्डनने २०२५ पासून रेषेवरचे पंच पूर्णपणे काढून टाकले. जे त्या खेळांना जमले, ते बॉक्सिंगला जमू नये, याचे कारण मला समजलेले नाही.

मानकापूरकर

धरमपेठेचे वाचक, आपली दोन्ही उदाहरणे उपयुक्त आहेत, कारण त्यांतूनच फरक स्पष्ट होतो. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, याला एकच खरे उत्तर असते. जिम्नॅस्टिक्समध्ये साधनावर एका वेळी एकच खेळाडू असतो, प्रत्येक कसरतीचे मूल्य नियमपुस्तकात लिहिलेले असते आणि सांध्याचा कोन किती अंशांनी चुकला, हे मोजता येते. शिवाय तिथेही ती प्रणाली परीक्षकांना साहाय्य म्हणूनच आलेली आहे. बॉक्सिंगमध्ये दोन माणसे एकमेकांची योजना मोडत असतात. लक्ष्यावर बसलेल्या दर्जेदार ठोशांची संख्या हा पहिला निकष आहेच, पण तंत्र आणि डावपेच यांतील वर्चस्व आणि लढाऊपणा हेही निकष आहेत. चुकवलेला ठोसा, प्रतिस्पर्ध्याला नको त्या कोपऱ्यात नेणे, त्याचा जॅब निकामी करणे, हे सगळे वर्चस्वात मोडते. चांगल्या बचावामुळे जे घडलेच नाही, त्याची गणती करणारे यंत्र माझ्या पाहण्यात नाही.

विम्बल्डनच्या त्याच पहिल्या वर्षी पावल्युचेंकोवा आणि कार्तल यांच्या सामन्यात प्रणालीचा काही भाग चुकून बंद राहिला, बाहेर पडलेला चेंडू टिपला गेला नाही आणि तो गुण पुन्हा खेळवावा लागला. टेनिसमध्ये गुण पुन्हा खेळवता येतो. तीन मिनिटांची फेरी पुन्हा खेळवता येत नाही.

केवळ आकडे धरले तर काय होते, याचा पुरावा दोन्ही बाजूंचा आहे, हेही मी प्रामाणिकपणे मांडतो. २०१२ मध्ये लास वेगासला पॅकियाओ आणि ब्रॅडली यांच्या लढतीत कॉम्प्युबॉक्स या ठोसे मोजणाऱ्या सेवेच्या नोंदीनुसार पॅकियाओचे २५३ आणि ब्रॅडलीचे १५९ ठोसे बसले होते, तरी दोन पंचांनी ११५-११३ असा ब्रॅडलीला विजय दिला. कॉम्प्युबॉक्समध्ये माणसेच कळा दाबून मोजणी करतात आणि तिला अधिकृत स्थान नाही. तरीसुद्धा एवढी तफावत डोळ्यांपुढे असताना पंचांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागू नये, हे मला खटकते.

सिव्हिल लाइन्सचा वकील

मानकापूरकरांच्या शेवटच्या वाक्यातच वादाचे मूळ आहे, असे मला वाटते. आपण सगळे निर्णय कोणी द्यावा यावर बोलत आहोत. निर्णयाची कारणे कोणी द्यावीत, यावर फार कमी बोललो.

न्यायालयात कॅमेऱ्याचे चित्रण पुरावा म्हणून दाखल होते, त्याची सत्यता तपासली जाते, त्यावर उलटतपासणी होते, आणि मग न्यायाधीश कारणांसह निर्णय देतात. चित्रण कितीही स्पष्ट असले, तरी त्याला निकालपत्रावर सही करायला कोणी सांगत नाही, कारण निर्णय चुकला तर वरच्या न्यायालयात त्या कारणांनाच आव्हान द्यायचे असते. बॉक्सिंगच्या पंचाकडून आज ना कारणे मिळतात, ना उलटतपासणीची सोय आहे. त्या जागी बंदिस्त प्रणाली बसवली, तर कारणे तेव्हाही मिळणार नाहीत. फरक एवढाच पडेल, की रिओनंतर ३६ जणांना निदान बाजूला तरी करता आले. प्रणाली चुकली तर बाजूला कोणाला करणार, ती तयार करणाऱ्या कंपनीला, विकत घेणाऱ्या आयोजकाला, की खुणा करणाऱ्या अनामिक माणसांना? आणि ती प्रणाली ज्या आयोजकाने पैसे देऊन आणली, त्याचाच खेळाडू रिंगमध्ये असेल तर?

आपली मुष्टियोद्धा सरिता देवी हिचे उदाहरण आपण कोणीच दिलेले नाही, म्हणून देतो. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत उपांत्य फेरीत तिला कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध पराभूत ठरवण्यात आले. तिने पदकवितरणाच्या वेळी कांस्यपदक गळ्यात घालू दिले नाही आणि त्याबद्दल तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. तिचे ते कृत्य योग्य होते की नाही, यावर मतभेद असू शकतात. ज्या व्यवस्थेत दाद मागण्याचा दुसरा मार्गच खेळाडूला विश्वासार्ह वाटत नाही, तिथे असे घडणारच. यंत्राने घेतलेल्या निर्णयानंतर तर “यंत्र चुकत नाही” एवढे एकच उत्तर देऊन तक्रार फेटाळली जाईल, अशी मला गंभीर भीती वाटते.

नंदनवनचा कोच

वकील साहेब, कारणे मिळायला हवीत, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझ्या मुलाला त्या दिवशी कारण मिळाले असते, तर मी कदाचित हा वाद घालायलाही आलो नसतो. परंतु माणसे स्वतःहून कारणे देणार नाहीत, हा माझा अनुभव आहे. त्यांच्यासमोर चित्रण आणि आकडे असतील, तरच ती देतील. म्हणून यंत्र हवेच, निदान तेवढ्यापुरते तरी.

आणखी एक गोष्ट. मेरी कोमचा टोकियो ऑलिंपिकमधला पराभव सगळ्यांनी अन्याय म्हणून लक्षात ठेवला. पहिल्या फेरीत पाचपैकी चार पंचांनी इंग्रित व्हॅलेन्सियाला कौल दिला, पुढच्या दोन्ही फेऱ्यांत तीन-दोन असा कौल मेरी कोमकडे होता, आणि तरी निकाल ३-२ असा व्हॅलेन्सियाच्या बाजूने लागला. मी माझ्या मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवले, कारण प्रत्येक पंचाच्या तीन फेऱ्यांची बेरीज वेगळी होते आणि शेवटी त्या बेरजांवर निकाल लागतो, फेऱ्या कोणी किती जिंकल्या यावर लागत नाही. मुलांना ते पटले. हरल्याचे दुःख त्यांना पेलते. कळत नाही, ते पेलत नाही. टोकियोत गुण फेरीगणिक उघड होते म्हणूनच मला हे शिकवता आले. आमच्या स्पर्धांत तेवढे तरी सुरू व्हावे.

संख्याशास्त्राची विद्यार्थिनी

सरांच्या म्हणण्याला तांत्रिक बाजूने पाठिंबा देते. जिल्हा पातळीवर पूर्ण प्रणाली आणणे आज परवडणारे नाही आणि अर्धवट कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या प्रणालीकडून निकाल घेणे हे मी धोकादायक मानते. पण रिंगच्या तीन बाजूंना स्टँडवर तीन मोबाइल लावून, सेकंदाला साठ किंवा अधिक चौकटींवर चित्रण करणे सहज शक्य आहे. पंचांचे गुण आधी बंद पाकिटात घ्यावेत किंवा ॲपवर नोंदवून गोठवावेत, आणि फेरी संपताच फलकावर लावावेत. एखाद्या फेरीत पंचांमध्ये टोकाचा फरक पडला, तर त्या फेरीचे चित्रण स्पर्धेनंतर तिन्ही कोनांतून एकत्र पाहावे. ठोशांची यांत्रिक मोजणी त्यात साहाय्याला घेता येईल. ती करून देण्याची माझी तयारी आहे. वर्षभरात कोणता पंच सातत्याने इतर चौघांपेक्षा वेगळा कौल देतो आणि तो कोणत्या क्लबच्या खेळाडूंच्या बाबतीत देतो, हे तपासायला तर कॅमेराही लागत नाही, गुणपत्रिका जपून ठेवल्या तरी पुरे.

एकच अडचण मला दिसते. ही मुले बहुतेक अल्पवयीन आहेत. त्यांचे चित्रण उद्या कोणा कंपनीच्या प्रणालीला शिकवण्यासाठी वापरले गेले, तर ते त्यांच्या पालकांना चालेल का?

सिव्हिल लाइन्सचा वकील

हा प्रश्न योग्य वेळी आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती अपेक्षिली आहे. प्रवेशअर्जाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ छापून हे भागवू नये. स्वतंत्र संमतीपत्र असावे, ते मराठीत आणि हिंदीत असावे, आणि त्यात चित्रण केवळ निकालाच्या फेरतपासणीसाठी वापरले जाईल, ठरावीक मुदतीनंतर पुसले जाईल व कोणत्याही कंपनीला दिले जाणार नाही, ही तीन विधाने स्पष्ट असावीत. मसुदा मी करून देतो.

मानकापूरकर

आयोजकांशी बोलण्याची जबाबदारी मी घेतो. पुढील जिल्हास्तरीय स्पर्धेत फेरीनिहाय गुण फलकावर लावणे आणि तीन बाजूंनी चित्रण करणे, या दोनच मागण्या लेखी द्याव्यात, असे मी सुचवतो. यांत्रिक मोजणीचा मुद्दा पहिल्या पत्रात घालू नये, कारण पंचांना तो आपल्यावरचा अविश्वास वाटेल आणि उघड गुणांची साधी मागणीही त्यात अडकून पडेल. पत्राखाली प्रशिक्षकांच्या सह्या असल्या, तर वजन पडेल. नंदनवनच्या सरांनी पूर्व नागपूरच्या क्लबांकडून सह्या घ्याव्यात, पश्चिमेकडच्या मी घेतो. पंचांपैकीही ज्यांना हे मान्य असेल त्यांची नावे घ्यावीत. आपले गुण उघड व्हावेत असे स्वतःहून म्हणणारे दोघे तरी मला ठाऊक आहेत.